‘दहा दिवसांत चारच ठिकाणे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी दऱ्यांमध्ये छायाचित्रणाचा बेत कसा आखावा, या माझ्या लेखावर आपले तीन आक्षेप आहेत. दहा दिवसांत चारच ठिकाणे ठेवणे म्हणजे विमानाचे भाडे पाण्यात घालणे. जुलै-ऑगस्टचे ढगांनी भरलेले आकाश सोडून ऑक्टोबर निवडणे हा भित्रेपणा. आणि अँटिलोप कॅनियन या चिंचोळ्या घळीत ट्रायपॉड न्यावा, हा सल्ला चुकीचा. तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. तिथे नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या प्रदेशातील अधिकृत वाटाड्याबरोबरच प्रवेश मिळतो आणि ट्रायपॉडला मनाई आहे. मी जुन्या माहितीवर विसंबलो होतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

पावसाबद्दल मात्र आपले म्हणणे मला पटत नाही. आपण वेंगुर्ल्याचे, मी देवगडचा; पाऊस आपल्याला कोणी शिकवायला नको, असे मलाही वाटत होते. पण आपला व्हाळ भरतो तो आपल्या डोळ्यांदेखत. तिथे डोक्यावर लख्ख ऊन असताना कित्येक मैल दूर कोसळलेला पाऊस उघड्या वालुकाश्मावरून, फारसा न मुरता, थेट त्या चिंचोळ्या घळीत उतरतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोपमध्ये असाच लोंढा येऊन ११ पर्यटक दगावले. मी लोखंडी जिन्याने खाली उतरलो, तेव्हा वाटाड्याने न बोलता वर बोट दाखवले. दोन भिंतींच्या मधोमध, माझ्या दुप्पट उंचीवर, साल निघालेला एक ओंडका आडवा रुतून बसला होता. तो तिथे कोणी चढवलेला नव्हता.

आता ठिकाणांची संख्या. ब्राइस कॅनियनचे मुख्य खोरे पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिथले सुळके उजळतात ते उगवतीला; पुढे ऊन चढले की सारे सपाट दिसू लागते. (सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या त्या थंडीत माझ्या कॅमेऱ्याच्या बॅटरीने तासाभरात मान टाकली, हेही लेखात लिहायचे राहिले.) अँटिलोपचे नेमके उलटे आहे : सूर्य माथ्यावर आला की उजेड एका भिंतीवरून दुसरीवर आपटत खाली झिरपतो आणि दगड आतून पेटल्यासारखा केशरी दिसतो. म्हणजे दिवसाला हाती लागणारे तास मोजकेच, आणि ते गाडीत घालवले तर छायाचित्र कधी काढायचे? ग्रँड कॅनियनच्या दोन्ही कडा एकाच दिवशी पाहाव्यात, असे आपण सुचवता. त्यांच्यात सरळ रेषेत सुमारे १६ किलोमीटर अंतर असले, तरी रस्ता जवळजवळ ३४५ किलोमीटरचा आहे.

शिवाय घड्याळाचा घोळ. उन्हाळी वेळेसाठी ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, नावाहो प्रदेश करतो. नावाहो प्रदेशातल्या मॉन्युमेंट व्हॅलीतील सूर्यास्ताची वेळ मी अचूक टिपून घेतली, पण मनगटावरचे घड्याळ ॲरिझोनाच्या वेळेवर चालणाऱ्या पेज गावाचेच ठेवले आणि तासभर उशिरा, काळोखात पोचलो. दुसरी रात्रही तिथेच मुक्काम होता, म्हणून निभावले. लेखाच्या सुरुवातीचे जे छायाचित्र आपल्याला ‘त्यातल्या त्यात बरे’ वाटले, ते त्या दुसऱ्या संध्याकाळचे आहे.