सिनेमा वर्गात येऊ द्या, प्रश्नांसकट

ऐतिहासिक सिनेमा लागला की माझ्या नववी-दहावीच्या वर्गात दुसरा विषयच नसतो. संवाद तोंडपाठ, स्टेटसला तेच. स्टाफरूममध्ये सूर ठरलेला, सिनेमानं पोरांचा इतिहास बिघडवला. मला हे अजिबात पटत नाही. "सर, हे खरंच असं घडलं का?" हे पुस्तक वाचून मला क्वचितच कुणी विचारतं. सिनेमा बघून आलेली पोरं विचारतात.

दहावीच्या पुस्तकात 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' हा अख्खा धडा आहे. तो आपण 'टीपा लिहा'पुरता घोकून घेतो, याचं मनापासून वाईट वाटतं.

आपल्या साताऱ्याचंच बघा. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं इथल्या संग्रहालयात आली. त्यांच्या पेटीवरचा मजकूर फळ्यावर लिहा: शिवाजीनं 'मोगल सेनापती'ला मारलं ते हे शस्त्र, पेशव्यांच्या प्रधानानं साताऱ्याचा रेसिडेंट (इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी) ग्रँट डफ याला दिलं. सातवीतलं पोरगंसुद्धा ओरडेल, अफझलखान मोगलांचा नव्हे, आदिलशाहीचा! मग प्रश्न थांबतच नाहीत. हे लिहिलं कुणी? कधी? मधली दीडशे वर्षं हे शस्त्र होतं कुठं? महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही असं ते म्युझियमच सांगतं. हे वर्गात बोललं की महाराजांचा मान कमी होतो, असं काही पालकांना वाटतं. अहो, १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली जे घडलं, त्याला कुठल्या पेटीच्या दाखल्याची गरज नाही.

भेटीचा प्रसंग पडद्यावर दाखवा आणि लगेच अज्ञानदासाचा पोवाडा वाचायला द्या. तो शिवकाळातलाच. काय वाढवलंय, काय गाळलंय, कुणासाठी, हे पोरांनाच शोधू दे. पोर्शन मागं पडतो, मान्य आहे. तरी हे दोन तास मी सोडणार नाही.

आणि सगळं शिवकाळावरच कशाला थांबवायचं? १९४३ पासून इथं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना झुगारून लोकांनी उभं केलेलं स्वतःचं सरकार, चाललं. क्रांतिसिंह नाना पाटील भाषणं करत, शाहीर शंकरराव निकम डफावर तेच गावोगाव पोचवत. दिवाळीच्या सुट्टीत दहावीच्या मुलांना हेच काम देतोय: घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून त्या काळातली गाणी ऐकायची, मोबाईलवर रेकॉर्ड करायची, आणि गाण्यातली एक तरी घटना कागदपत्रांशी ताडून बघायची. कुंडल, वाळवा, कराड भागात कुणाकडे शाहिरांच्या जुन्या वह्या असतील तर कृपया मेसेज करा. मुलांना घेऊन मी स्वतः येईन.