मीटिंग अकराला, दर्शन साडेआठला

कंपनी तुम्हाला मुंबईला पाठवते ती रिव्ह्यू मीटिंगसाठी, असा गैरसमज करून घेऊ नका. टार्गेट हुकलंय हे साहेबांना फोनवरही कळतं आणि फोनवरही त्यांना तितकंच ओरडता येतं. सांगलीहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालात की सकाळी साडेसातच्या सुमारास सीएसएमटीला उतरता. मीटिंग अकराची. मधले साडेतीन तास रेल्वेने तुम्हाला उगाच दिलेले नाहीत. हेड ऑफिसच्या सोफ्यावर जांभया देत ते वाया घालवणारे सहकारी मी पाहिलेत आणि त्यांची मला कीव येते. एवढ्या वेळात आपल्या आवडत्या निवेदिकेच्या, वृत्तनिवेदकाच्या, संपादकाच्या कचेरीचं दर्शन होऊ शकतं. निदान गेटचं तरी होतंच.

यासाठी रजा टाकू नका. स्वतःच्या पैशाने, घरच्यांना घेऊन गेलात तर ती नुसती सहल होते, आणि मग राणीची बाग बघावी लागते. टीएडीए घेऊन केलेल्या भक्तीला एक वेगळंच तेज असतं. पंपांचे सुटे भाग विकत मी एकोणीस वर्षं हे तेज सांभाळलंय, म्हणून अधिकाराने सांगतो.

जाताना भडंग न्या. दीड किलो, दोन पिशव्यांत. का, ते पुढे येईलच.

दर्शनासाठी चेहरा निवडू नका, आवाज निवडा. चेहऱ्याची माणसं काळ्या काचांच्या गाडीतून थेट तळघरात शिरतात. आपल्या वाट्याला गाडीचा नंबर येतो. आवाजाची माणसं रिक्षाने येतात, सुट्ट्या पैशांवरून वाद घालतात, आपल्यासारखीच घामेजलेली असतात. यात अडचण एकच, ती ओळखू येत नाहीत. एका गेटसमोर मी चाळीस मिनिटं उभा होतो, नजर रस्त्याला लावून. खांद्याला डब्याची पिशवी, हातात मिटलेली छत्री अशा एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "जरा सरकता का?" मी सरकलो. त्या आत गेल्या, रजिस्टरवर न थांबता. फाटक लागल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. वीस वर्षं रात्री उशाशी ट्रान्झिस्टर ठेवून जो आवाज ऐकत झोपलो, तो आत्ता मला "सरकता का" म्हणाला होता. चार शब्द बोलायची संधी आली होती आणि मी एकही न बोलता बाजूला झालो होतो. तुम्ही हुशार असाल तर सरकू नका.

पत्ता मात्र आधी नीट विचारून घ्या. चर्चगेटला टॅक्सीवाल्याला "आकाशवाणी" म्हटलंत तर तो तुमच्याकडे आरशातून एकदा बघतो आणि आकाशवाणी आमदार निवासापाशी उतरवतो. सांगलीकडचा माणूस, हातात पिशवी, चेहऱ्यावर काम अडल्याचा भाव. त्याचं काही चुकत नाही. तिथे दोन मिनिटं उभे राहिलात तर कुठल्या साहेबांची चिठ्ठी आणली, असं कुणीतरी विचारतंही. नम्रपणे "गाण्यांच्या कामासाठी आलोय" म्हणा आणि खऱ्या आकाशवाणीकडे वळा. मुंबईत 1927 च्या 23 जुलैला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, ही माहिती गेटवरच्या जवानाला जरूर ऐकवा. त्याच्यावर काही परिणाम होत नाही, पण आपण अभ्यास करून आलोय हे आपल्याला बरं वाटतं.

आणि तुमची निवेदिका विविध भारतीवरची असेल तर चर्चगेटला टॅक्सीच करू नका. मी पहिल्या खेपेला केली. अर्धा तास उभा राहिल्यावर एका कर्मचाऱ्याने विचारलं, "छायागीतवाल्या? अहो, त्या बोरिवलीला." विविध भारतीचा कारभार बोरिवलीच्या गोराई भागात चालतो. चर्चगेटपासून बोरिवली स्टेशन 34 किलोमीटर, पुढे रिक्षा. म्हणजे माझी मीटिंग फोर्टात, माझी भक्ती गोराईत आणि मध्ये अख्खी पश्चिम रेल्वे. गेलो. अकराच्या मीटिंगला पावणेबाराला पोचलो.

इथे सबबीचं शास्त्र सांगून ठेवतो. मुंबईत "गाड्या लेट" म्हटलं की कुणी शहानिशा करत नाही. फक्त लाइन कुठली ते ठरवून बोला. सीएसएमटीला उतरून फोर्टात चालत यायचं असताना मी अंधेरीजवळ सिग्नल बिघडल्याचं सांगून बसलो. साहेब विरारहून येतात. त्या दिवशी दहा मिनिटं आधी आले होते.

तरी माझी फसगत काहीच नाही म्हणायची. जुन्या पिढीतल्या लोकांना आवडता आवाज कोलंबोत बसतो असं वाटायचं. 1952 साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, तेव्हा आपल्या आकाशवाणीला फिल्मी गाण्यांचा विटाळ होता, म्हणून सगळा देश दर बुधवारी लंकेकडे कान लावून बसायचा. विविध भारती आली ती 1957 च्या 3 ऑक्टोबरला, तोवर लोकांना सिलोनची सवय लागली होती. आता कल्पना करा, मुंबईतल्या एखाद्या मसाल्याच्या पेढीचा मुनीम कामानिमित्त कोलंबोला गेलाय, धोतर झटकून रेडिओच्या दारात उभा राहिलाय आणि आतून निरोप येतो, अमीन सयानी इथे कुठले? ते मुंबईत रेकॉर्डिंग करतात आणि टेपा विमानाने आमच्याकडे येतात. म्हणजे माणूस समुद्र ओलांडून गेला आणि आवाज त्याच्याच गावातून आलेला. त्यामानाने गोराई जवळ.

गेटवर पोचल्यावरचा मुख्य विधी म्हणजे रजिस्टर. याला घाई करू नका, कारण बहुतेक वेळा दर्शन इथेच सुरू होऊन इथेच संपतं. लांबट वही, कोपरे दुमडलेले, दोऱ्याने बांधलेलं पेन, त्याची रिफिल संपत आलेली. रकाने असे: नाव, कोठून आले, कोणास भेटायचे, काम, वेळ आत, वेळ बाहेर, सही. "कोठून आले"मध्ये गाव लिहू नका, कंपनीचं नाव लिहा. व्हिजिटिंग कार्ड बाहेर काढा. "काम"मध्ये माझ्या आधीच्या माणसाने "एसी" लिहिलं होतं, त्याच्या आधीच्याने "पाणी जार". दोघांनाही आत सोडलं होतं. मी प्रामाणिकपणे "आवाज आवडतो" लिहिलं.

"हे काम आहे?" जवानाने विचारलं.

"वीस वर्षांपासूनचं."

"अपॉइंटमेंट?"

"रोज रात्री दहाला असते की."

त्याने माझ्या ओळीवर काट मारली. रिफिलीत शाई नसल्यामुळे ती नीट उमटली नाही, म्हणून त्या वहीत माझं नाव अजून आहे, असं मी घरी सांगतो.

भडंगाची एक पिशवी इथे कामी येते. जवान बीडकडचा निघाला. भडंग तोंडात टाकल्यावर त्याने मला आतली इतकी माहिती दिली की मुलाखतीतही कुणी देणार नाही. कोण वेळेवर येतं, कोण गाडी वाकडी लावतं, कुणाच्या डब्यात काय असतं. तुम्ही ज्यांच्यावर जीव टाकता त्यांना तो रोज सकाळी "गुड मॉर्निंग" म्हणतो आणि त्या त्याला नावाने हाक मारतात. शेवटी मी त्याच्याबरोबरच फोटो काढला. मागे बोर्ड येईल असा काढा. बोर्ड नसेल तर घरचे विश्वास ठेवत नाहीत.

टीव्हीवाल्यांकडे जायची हौस असेल तर लोअर परळला जा. जुन्या गिरण्यांच्या आवारात हल्ली माध्यमांची ऑफिसं आहेत. आजोबांनी तिथे साचे चालवले असतील, तर नातवाने जाऊन चर्चा बघावी. एका वाहिनीत मला ओळखीने आत जाता आलं. पिशवी स्कॅनरमधून गेली, पडद्यावर भडंगाची जी आकृती दिसली ती बघून दोघे जवान गंभीर झाले, दाणे वेगळे आणि कुरमुरे वेगळे दाखवावे लागले. आत हाडं गोठवणारी थंडी. घरी ज्या टेबलामागे बसलेल्या माणसाला बघून वडील उठून उभं राहायच्या बेतात असतात, ते टेबल आमच्या डायनिंग टेबलाएवढं निघालं आणि मागची झगमगती मुंबई म्हणजे एक हिरवी भिंत. मी नको तिथे उभा राहिलो तर सरकवण्यात आलं. सरकणं माझ्या पत्रिकेतच असावं. निवेदक कॅमेऱ्यात बघून चौघांना एकाच वेळी झापत होता, "उत्तर द्या, महाराष्ट्र बघतोय!" ब्रेक झाला. त्याने कानातली वायर काढली आणि अगदी मवाळ सुरात विचारलं, "अरे, चहात साखर कुणी घातली?" त्याला उत्तर कुणीच दिलं नाही.

टेबलाखाली काय असतं हे बघायला वाकू नका. ते कुतूहल फार जुनं आहे. वरळीचं दूरदर्शन केंद्र 1972 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं, त्या सुरुवातीच्या काळात तिथे बातम्या वाचणारी स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची. तेव्हा बघणाऱ्यांना फक्त साडी दिसली आणि बातम्या व्यवस्थित झाल्या.

गोरेगावच्या चित्रनगरीबद्दल फार लिहीत नाही. मालिकेतल्या वाड्याला मागची भिंत नाही हे कळल्यापासून आमच्या घरी ती मालिका कुणी बघत नाही. अर्थात नंतर दुसरी लावली.

मीटिंग पुण्यात लागली तर मात्र सोनं समजा. केसरीवाड्यात जा. 1881 साली सुरू झालेल्या वर्तमानपत्राच्या संपादकांचं टेबल तिथे जपून ठेवलंय, अपॉइंटमेंट लागत नाही, "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं कुणी सांगत नाही. मला विचाराल तर संपादकाने असंच असावं.

आणि हो, सांगलीतही आकाशवाणीचं केंद्र आहे. त्याच्यासमोरून मी वर्षानुवर्षं स्कूटर नेतो. आत कधी गेलेलो नाही. तिथे जायचा भत्ता किती बसणार?

राहता राहिलं बिल. "लोकल कन्व्हेयन्स"मध्ये रक्कम लिहिताना हात कापू देऊ नका. गोराईची रिक्षा "मार्केट सर्व्हे" होते, लोअर परळ "क्लायंट व्हिजिट", भडंग "बिझनेस प्रमोशन". मी हे सगळं एका कागदावर लिहून व्हाउचर लावून दिलं आणि तिसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या बाईंनी बोलावलं. चष्मा कपाळावर, पेन्सिल बोरिवलीच्या ओळीवर.

"गोराईला आपले पंप कोण घेतं?"

मी खरं सांगून टाकलं. बाई काही बोलल्या नाहीत. पेन्सिल दोनदा टेबलावर आपटली. मग उठून केबिनचं दार लोटलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"दिसल्या?"

"दिसल्या. सरकता का, म्हणाल्या."

"तुम्हाला म्हणाल्या?"

"मलाच."

बाईंनी बोरिवलीसमोर बरोबरची खूण केली, भडंगाचे दोनशे चाळीस मात्र कापले. व्हाउचर ट्रेमध्ये टाकता टाकता म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात ऑडिटला मला मालाडच्या गोडाउनला पाठवतायत. त्या साधारण किती वाजता येतात?"