‘एसीत बसून’ या दोन शब्दांबद्दल

‘स्पष्टवक्ता’ या टोपणनावानं लिहिणारे महोदय,

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या गांजावरच्या करातून तिथल्या गावांना काय मिळालं, यावर मी लिहिलं. त्यावर तुमची प्रतिक्रिया : “एसीत बसून लिहिणाऱ्यांना वस्तीतली नशा काय ठाऊक! 2021 नंतर तिथली विक्री घसरली, शेजारची राज्यं खुली झाल्यावर गिऱ्हाईक तिकडे गेलं, लागवडीच्या वासानं डेनव्हरचे लोक वैतागले, हे सोयीस्कर गाळलंत.”

वासाचं बरोबर आहे, त्यासाठी तिथे नियम करावे लागले. घ्या, एक गुण तुमचा.

आता एसी. मी डिलाइल रोडच्या चाळीत वाढलो, साहेब. 1982 च्या संपानंतर वडिलांची गिरणी उघडलीच नाही. आईची खानावळ होती. जेवायला येणारे बदली कामगार गावी परतले, तीही बसली. उधारीची वही घरात अजून आहे, निम्मी खाती तशीच उघडी. एक कारखाना बंद पडला की पानवाल्यापासून शिंप्यापर्यंत कोण कोण बसतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमच्या जिन्याखाली गर्द ओढणारी पोरंही मी पाहिली आहेत. (गर्द म्हणजे ब्राउन शुगर, गांजा नव्हे, हेही सांगावं लागतंय!) त्या पुडीच्या पैशातला छदामही सरकारी तिजोरीत जात नव्हता, हप्ता मात्र वेळेवर पोचायचा.

म्हणूनच मी कोलोरॅडोतल्या प्वेब्लोबद्दल लिहिलं. तेही पोलादावर जगणारं गाव, 1980 च्या दशकात तिथलाही कारखाना कोसळला. 2012 मध्ये राज्यानं मतदान करून गांजा कायदेशीर केला, 1 जानेवारी 2014 ला दुकानं उघडली. पुढे प्वेब्लो काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं, लागवडीवरच्या करातून स्थानिक मुलांना कॉलेजची शिष्यवृत्ती सुरू केली. राज्याच्या 15 टक्के अबकारी करातून शाळांच्या इमारतींना पैसा जातो. आमच्या चाळीतल्या पोरांना कुणी काय दिलं, तेवढं सांगा.

विक्री घसरली म्हणता. घसरण कुठल्या धंद्यात नसते? बांधलेली शाळा त्यामुळे पडत नाही. शेजारच्या राज्यांचं काय ते त्यांनी बघावं.

आणि ‘उद्या दादरला दुकानं उघडा’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. अमली पदार्थांवरच्या आपल्या 1985 च्या कायद्यात गांजा-चरस येतो, भांगेची पानं येत नाहीत, एवढं मलाही वाचता येतं. पुढच्या वेळी लेख पुरता वाचून लिहा, आणि जमलं तर स्वतःच्या नावानं.