टायर बसलाय हो त्या विमानाचा!

लवकरच उघडणाऱ्या एका विमान आणि अवकाश संग्रहालयाचे फोटो आज पाहिले. गुळगुळीत फरशी, झगमगते दिवे, मधोमध जुनं लढाऊ विमान. आणि त्याचा डावा टायर पार बसलेला. उद्घाटनाआधीच!

काही टनांचं धूड वर्षानुवर्षं एका जागी उभं राहिलं की रबराला भेगा पडतात, हवा उतरते, पंख एका बाजूला कलतो. करायचं काय, तर विमान उचलायचं, पण ठरवून दिलेल्या जॅक पॉइंटवरच. मग ॲक्सलखाली पोलादी स्टँड. टायर जमिनीला नुसता टेकलेला राहतो, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. उचलण्याआधी आतून काय काय काढलंय ते बघा. शेपटीतलं इंजिन काढलं असेल तर नाक जड होतं. नाकातलं रडार काढलं असेल तर उलटं, विमान धप्पकन शेपटीवर बसतं. तिथे नाकात वजन भरावं लागतं.

टायर निदान दिसतो तरी. इजेक्शन सीटमधली, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली, स्फोटक कार्ट्रिजं काढलीत का? नुसती सेफ्टी पिन खोचून भागत नाही. बऱ्याच कॅनोपींच्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणांच्या, काचेवर नागमोडी रेघ दिसते, ती नक्षी नव्हे, काच फोडणारी स्फोटक दोरी असते. जुन्या डायलांवर किरणोत्सर्गी रेडियमचा रंग. तो चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. थकलंय ते त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड, रेडियमचं अर्धआयुष्य १,६०० वर्षांचं आहे. फुटक्या काचेचा डायल उघडा ठेवला की ती पूड बोटांना लागलीच.

बरं, दिवे हवेतच. अंधारात तिकीट काढून कोण येणार? पण स्पेससूटवरही तेच झोत?

आर्मस्ट्राँगचा सूट २००६ साली प्रदर्शनातून काढावा लागला, तो लोकांसमोर परत आला २०१९ मध्ये. बाहेरचं कापड ठीक दिसतं, आतलं रबर कडक होऊन तडकतं. म्हणून असे सूट थंड, कोरड्या जागी ठेवतात, आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास. चंद्रावर जेमतेम अडीच तास फिरायला बायकांनी मशीनवर बसून थरावर थर शिवलेला कपडा तो. पन्नास वर्षं टिकेल असा विचार कुणी केला होता? त्याला मंद उजेडच द्या हो.

आणि तो टायर! जॅक, स्टँड, काम जाणणारी चार माणसं. फीत कापायच्या आधी तेवढं उरकून घ्या.