आमच्या घराचे अक्षर

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पिनेलास काउंटीत आम्ही घर घेतले, तेव्हा शेजारच्या वृद्ध बाईंनी ओळख झाल्याझाल्या विचारले होते, “तुमचे अक्षर माहीत आहे ना?” मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावून सांगितले. येथे समुद्राकाठच्या प्रत्येक घराचा पत्ता ए ते ई यांपैकी एका विभागात मोडतो. वादळाने चढणारे समुद्राचे पाणी कोणत्या घरापर्यंत आधी पोहोचेल, त्यावरून हे विभाग पाडलेले आहेत आणि घर रिकामे करण्याचा हुकूम अक्षरांच्या क्रमानेच निघतो. वाऱ्याचा या अक्षरांशी संबंध नाही. विम्यासाठी जो पूरविभाग लागतो तो निराळा, आणि या दोहोंची गल्लत जुने रहिवासीही करतात. आमचे अक्षर ‘बी’ निघाले. ते मी त्याच दिवशी फ्रिजवर लिहून लावले.

या अक्षराची खरी किंमत मला २०२४च्या शरद ऋतूत कळली. २६ सप्टेंबरच्या रात्री ‘हेलीन’ हे वादळ आमच्यापासून कितीतरी दूर समुद्रातून उत्तरेकडे गेले आणि पेरी गावाजवळ किनाऱ्याला लागले. आमच्याकडे वारा फारसा नव्हता; पण पाणी असे चढले की समुद्राकडच्या बेटांवरची घरे छातीएवढ्या पाण्यात गेली. आमच्या काउंटीत १२ माणसे दगावली, त्यांतील बहुतेक बुडून. ‘वादळ तर लांबून जाते आहे’ असे म्हणून पुष्कळ लोक घरीच थांबले होते. त्यांची चूक मला समजते, कारण नकाशावर जो शंकू दाखवतात त्याचा अर्थ आपण सगळेच चुकीचा लावतो. वादळाचा केंद्रबिंदू कोठून जाऊ शकेल एवढेच तो शंकू सांगतो; मागील पाच वर्षांत अंदाज किती चुकले त्यावरून त्याची रुंदी ठरते आणि तीन वेळांपैकी साधारण दोन वेळाच केंद्र त्याच्या आत राहते. पाणी कोठे चढेल, वारा किती लांबवर पोहोचेल, हे त्यात नसते. शंकूच्या बाहेरचा माणूस सुरक्षित, हा समज घातक आहे.

हेलीनने भिजवलेल्या गाद्या, सोफे, भिंतींचे ओले तुकडे यांचे ढीग अजून रस्त्याकडेला पडलेले होते, तोच ५ ऑक्टोबरला मेक्सिकोच्या आखातात ‘मिल्टन’ जन्मले. दोन दिवसांत ते सर्वोच्च, म्हणजे पाचव्या श्रेणीला गेले आणि वाऱ्याचा वेग ताशी २८५ किलोमीटरवर पोहोचला. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे पत्रक पहाटे पाच, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री अकरा या वेळांना निघते. त्या दिवसांत आमचे जेवणखाण, झोप आणि मुलांची शाळेविषयीची विचारपूस या चार वेळांभोवती फिरत होती. आमच्या काउंटीला लागूनच्या टॅम्पा उपसागरात दहा ते पंधरा फूट पाणी चढेल असा इशारा होता. टॅम्पाच्या महापौर जेन कॅस्टर यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले की, रिकाम्या करायच्या भागात जे थांबतील ते मरतील. इतके उघड बोलणे मला आजही योग्य वाटते.

आमच्या काउंटीने ए, बी आणि सी हे तीन विभाग रिकामे करायला सांगितले, आणि त्यांच्याबरोबर सगळी फिरती घरे (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेली हलकी घरे), मग ती कोणत्याही अक्षराची असोत. आम्ही खिडक्यांवर प्लायवूड ठोकले, कागदपत्रे, औषधे आणि देवघरातला टाक एका पेटीत घेतला आणि निघालो. पंपांवर पेट्रोल संपत आले होते. दोन तासांच्या रस्त्याला सात तास लागले.

मिल्टन ९ तारखेच्या रात्री आमच्या दक्षिणेला, सारासोटाजवळच्या सिएस्टा कीवर, तिसऱ्या श्रेणीचे होऊन आदळले. त्यामुळे टॅम्पा उपसागरात पाणी चढण्याऐवजी वाऱ्याने ते बाहेर खेचले गेले. आमच्याच काउंटीतल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये मात्र अठरा इंचांहून अधिक पाऊस झाला, तेथील बेसबॉल मैदानाचे छप्पर फाटले, आणि पार पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट लुसी काउंटीत वादळाबरोबर आलेल्या टोर्नेडोंनी, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या प्रचंड वावटळींनी, सहा जणांचे प्राण घेतले. आम्ही परतलो तेव्हा सगळीकडे एकच बोलणे होते: टॅम्पावरचे संकट टळले, उगाच घाबरवले.

‘टळले’ हा शब्द ऐकताच मला ३ जून २०२० आठवला. माझे माहेर श्रीवर्धनचे. ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्याला लागत होते तेव्हा तेथे भर दुपार होती आणि इकडे पहाटेचे तीन-चार वाजले होते. मी मराठी वाहिन्या लावून बसले होते आणि प्रत्येक वाहिनी मुंबईचा समुद्र दाखवत होती. संध्याकाळी ‘मुंबईवरचे संकट टळले’ असे मथळे आले. त्याच वेळी श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झालेल्या होत्या, कौले आणि पत्रे उडाले होते, विजेचे खांब मुळातून वाकले होते. पाच दिवस काकांचा फोन लागला नाही, आणि वीज तर पुढे कित्येक आठवडे आली नाही.

म्हणून आमच्या कुटुंबाच्या गटात वादळाला तोंड कसे द्यायचे यावर दर पावसाळ्याआधी जो वाद रंगतो, त्यात मला मनापासून काही सांगायचे आहे. पुण्याचा माझा चुलतभाऊ म्हणतो की, अमेरिकेत शिस्त आहे आणि आपल्याकडे नाही. त्याच्या मते सगळे यातच आले. काका म्हणतात की, वादळ येणारच, खरा प्रश्न नंतरच्या मदतीचा आहे. दोघांचेही मला अपुरे वाटते.

शिस्तीचे आधी पाहू. हेलीनने अमेरिकेत दोनशेहून अधिक माणसे नेली आणि त्यांतील सर्वांत मोठा आकडा किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातला आहे. शिवाय येथे घर सोडण्याचा हुकूम निघतो, पण सोडण्याचा खर्च ज्याचा त्याला करावा लागतो. ज्याच्याकडे गाडी आहे आणि तीन रात्रींचे हॉटेल परवडते, तो निघतो. सार्वजनिक निवारे असतात, बसही सोडतात. तरी एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या दारावर जाऊन ‘चला’ म्हणणारे ठरलेले कोणी नसते. विम्याचेही तसेच. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे पाणी धरलेले नसते, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आणि हरिकेनच्या नुकसानीत घराच्या विमाकृत किमतीचे साधारण दोन टक्के आधी स्वतः भरावे लागतात. चार लाख डॉलरच्या घराला ते आठ हजार होतात. दुरुस्तीचा खर्च इमारतीच्या निम्म्या किमतीवर गेला, तर पूरक्षेत्रातले घर नव्या नियमांप्रमाणे उंच उचलून बांधावे लागते. आमच्या गल्लीतल्या दोन कुटुंबांनी त्यापेक्षा घर विकणे पत्करले.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. १९९९च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले आणि गावोगावी स्वयंसेवक तयार केले. मे २०१९ मध्ये ‘फनी’ येण्याआधी सुमारे बारा लाख लोकांना हलवले गेले. दारावर येणारे माणूस म्हणजे काय, ते मिल्टनच्या आदल्या दिवशी, शेजारच्या त्या बाईंना आमच्या गाडीत बसवताना, मला नीट समजले. त्यांना विचारायला दुसरे कोणी आलेच नव्हते.

आता मदतीचे. काकांचा राग खरा आहे. ‘निसर्ग’नंतर बागांसाठी सुरुवातीला हेक्टरी ५०,००० रुपये आणि तेही दोन हेक्टरांपर्यंत, असा दर ठरला. कोकणातली वाडी गुंठ्यांत असते, सातबाऱ्यावर आठ-दहा नावे असतात आणि त्यांतली निम्मी मुंबईत. अशा वाडीत आडव्या झालेल्या श्रीवर्धनी रोठ्याच्या, म्हणजे तिकडच्या सुपारीच्या, प्रत्येक पोफळीच्या जागी लावलेल्या नव्या झाडाला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. हेक्टरच्या मापाने ते नुकसान मोजले जात नाही, हे काकांचे म्हणणे मला पूर्ण पटते. परंतु सगळी चर्चा पंचनाम्यापासून सुरू झाली की, वादळाआधीच्या तीन दिवसांचा विचार कोणीच करत नाही.

हे तीन दिवस आता आपल्याकडेही मिळतात. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाच्या काळात दर तीन तासांनी पत्रक काढतो, मार्गाचा शंकूही देतो. अडते ते पुढे. इशारा जिल्ह्याच्या रंगात येतो. रायगड लाल म्हटले की, दिवेआगरच्या पुळणीवरचे घर आणि सह्याद्रीच्या पायथ्याचे महाड एकाच लाल रंगात बसतात. कोळीवाड्याला निदान बंदरावरचा बावटा कळतो. पाखाडीतल्या, म्हणजे गावातल्या छोट्या वस्तीतल्या, आजीने त्या लाल रंगाचे काय करायचे?

येथली अक्षरे जशीच्या तशी तिकडे नेऊन भागणार नाही. अमेरिकेत सांगतात की, पाण्यापासून पळा आणि वाऱ्यापासून लपा. ‘निसर्ग’ने श्रीवर्धनमध्ये मुख्यतः वाऱ्याने घात केला, आणि वाऱ्यापासून लपायला आधी टिकणारे छप्पर लागते. १९९२च्या ‘अँड्र्यू’ वादळानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२पासून ते राज्यभर लागू झाले; तरीही फिरत्या घरांना प्रत्येक वेळी बाहेर काढावे लागते. आपल्या पत्र्याच्या आणि कौलांच्या घरांची गत तीच आहे. त्यामुळे कोकणातली यादी दोन गोष्टींवरून व्हायला हवी: उधाणाचे पाणी कोणत्या घराशी पोहोचते, आणि कोणते छप्पर ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात टिकणार नाही. ही यादी ग्रामपंचायत मे महिन्यात एका आठवड्यात करू शकते. राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र होता, त्यात निवारे होते, भूमिगत वीजवाहिन्या होत्या. परंतु निवाऱ्यात आधी कोणाला न्यायचे, हे त्या इमारतीला कसे कळणार?

हे सगळे मी मागच्या आठवड्यात काकांना फोनवर सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, यादीला कागद कशाला हवा? आपल्या पाखाडीत एकतीस घरे. त्यांतली नऊ पत्र्याची. वरच्या आळीतल्या दोघी एकट्या राहतात, त्यांच्या मागच्या पडवीवर माड कलला आहे.” मी म्हटले, “काका, तरी कागदावर घ्या. तुम्ही सांगा, मी लिहिते.” आणि त्यांनी समुद्राकडच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली.