पूर बाई-पुरुष बघून येत नाही, मग महिला संस्थांना वेगळा निधी कशाला?

हवामानबदलाचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. थोडक्यात तो असा: पूर, वादळ, दुष्काळ बाई-पुरुष बघून येत नाहीत. त्यामुळे हवामानाचा पैसा मोठ्या प्रकल्पांनाच द्यावा. गावपातळीवरच्या महिला संस्था लहान असतात, त्यांना हिशेब झेपत नाही. शिवाय बायकांना निसर्गाची ओढ मुळातच असते, पैसे नसले तरी त्या हे काम करतातच. असं म्हणणारे सगळे वाईट हेतूने बोलतात असं मला वाटत नाही. पण यातलं एकही विधान तपासल्यावर टिकत नाही.

आधी आपत्तीचं पाहू. वादळ भेदभाव करत नसेल, पण कुणापर्यंत इशारा पोचतो आणि कुणाला निघता येतं, हे माणसांनी घातलेली घडी ठरवते. एप्रिल १९९१ मध्ये बांगलादेशच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ४० हजार माणसं दगावली. प्रौढांमध्ये बायकांच्या मृत्यूचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. मागाहून जी कारणं पुढे आली ती अगदी साधी होती. इशारा बाजारात आणि चौकात फिरला, घराच्या आत पोचलाच नाही. घर सोडायचं की नाही हे ठरवणारा पुरुष बाहेर होता, त्याची वाट पाहण्यात वेळ गेला. निवाऱ्यात बायकांसाठी ना वेगळी खोली, ना वेगळं स्वच्छतागृह, म्हणून अनेकजणींनी लेकरांसह घरातच थांबणं पत्करलं.

आज त्या देशाच्या चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमात ७५ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या महिला आहेत. ओळखीची बाई दारात येऊन "चला, आत्ताच निघा" म्हणते, तेव्हा आतली बाई तिच्याशी मोकळेपणाने बोलू शकते, आजारी सासूचं काय करायचं हेही विचारू शकते. बळींची संख्या पुढे प्रचंड घटली. पक्के निवारे, बंधारे आणि सुधारलेले अंदाज यांचा त्यात मोठा वाटा आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण अंदाज कितीही अचूक असला तरी माणूस घरातून निघालं पाहिजे, आणि ते काम उपग्रह करत नाही.

मोठे प्रकल्प लागतातच, त्यावर वाद नाही. प्रश्न पैसा कुठे झिरपतो याचा आहे. २००३ ते २०१६ या काळातल्या हवामान निधीच्या एका अभ्यासात, स्थानिक पातळीवरच्या कामासाठी म्हणून दिलेली रक्कम १० टक्क्यांच्याही आत निघाली. या १० टक्क्यांतही महिलांच्या संस्थांच्या वाट्याला किती येत असेल, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. आणि परिणाम दिसत नाही म्हणावं, तर तसंही नाही. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी नेपाळ आणि गुजरातमधल्या सामुदायिक वनसमित्यांचा अभ्यास केला. कार्यकारिणीत बायका जास्त असलेल्या समित्यांचं जंगल अधिक सुधारलेलं त्यांना आढळलं. एखादी बाई नावापुरती घेऊन हे होत नाही. बायका पुरेशा संख्येने बसल्या की त्या बोलू लागतात.

आता हिशेब. केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ उभी केली, तेव्हा रोपवाटिका हे शिकलेल्या वनतज्ज्ञांचं काम, असं त्यांना ऐकवलं गेलं होतं. खेड्यातल्या बायकांनी हाताशी असलेल्या फुटक्या भांड्यांत रोपं वाढवून दाखवली. चळवळीचा नियम असा, की जगलेल्या रोपामागेच बाईला मोबदला मिळणार, नुसतं लावलेल्या रोपामागे नाही. लावलेल्या रोपांचे आकडे जाहीर करून मोकळ्या होणाऱ्या कितीतरी सरकारी मोहिमांपेक्षा हा हिशेब कडक आहे. २००४ मध्ये माथाईंना शांततेचं नोबेल मिळालं, तोवर ३ कोटींवर झाडं लागली होती.

बऱ्याच संस्था अडतात त्या प्रस्तावात. परक्या भाषेतला चाळीस पानी अर्ज, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, आणि मंजूर झालेली रक्कम एका वर्षात संपवायची अट. पगारी हिशेबनीस ठेवायला निधी द्यायचा नाही आणि मग "क्षमता नाही" असा शेरा मारायचा, हे अन्यायाचं आहे.

"त्या पैशाविनाही करतातच" या विधानाची मला सगळ्यात जास्त चीड येते. पाणी, सरपण, चारा बायका बघतात, कारण ते काम त्यांच्यावर टाकलेलं आहे. त्याला ओढ म्हणणं म्हणजे फुकटच्या श्रमाला गोड नाव देणं. जगातल्या शेतजमीनधारकांत महिला १५ टक्क्यांहून कमी आहेत. जमीन नावावर नाही म्हणून कर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाईच्या यादीत नाव नाही. म्हणूनच या संस्था एका हाताने बियाणं जपतात आणि दुसऱ्या हाताने सातबारावर बाईचं नाव लावायला भांडतात. दोन्ही कामं एकच आहेत. देणगीदार "पर्यावरण" आणि "महिला" असे वेगळे रकाने करतात, तेव्हा अर्धं काम निधीबाहेर पडतं.

एक आक्षेप मात्र खरा आहे: काही संस्थांत पाटीवर बाई असते आणि कारभार पुरुषाच्या हातात. अशांना निधी देऊ नये. हे ओळखणं अवघड नाही. बँक खात्यावर कुणाची सही चालते, ठराव कोण मांडतं, देणगीदार आला की उत्तरं कोण देतं, एवढं पाहावं. ज्या संस्थेत ही तिन्ही कामं बायकाच करतात, तिला चार-पाच वर्षांचा, बिनअटीचा निधी द्यावा, आणि अहवाल तिच्या स्वतःच्या भाषेत, गरज पडली तर तोंडीसुद्धा, मान्य करावा.