खालचा पाटा काढला म्हणजे पिकअप मऊ चालते, या दाव्याविषयी

पिकअपचे उसळणे घरच्या घरी थांबवण्याचे सहा उपाय सांगणारा एक मजकूर सध्या गोव्यातील गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. ‘कंपनीवाले हे कधीच सांगणार नाहीत’ अशी त्याची सुरुवात आहे. मागच्या पाट्यांतील (मागच्या चाकांवरचा भार पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांतील) सर्वांत खालचा जाड पाटा काढा, भार उचलण्यात काहीही फरक पडत नाही. चारही चाकांतील हवा 25 पीएसआयवर (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) आणा. पाट्यांवर जळके ऑइल ओता. पुढच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर बसवा. तेल गळत नसेल तर शॉक, म्हणजे गाडीचे डोलणे थांबवणारी तेलाची नळकांडी, बदलू नका. आणि मागे पाटे असलेल्या गाडीला अलाइनमेंट, म्हणजे चाके सरळ रेषेत जुळवणे, लागतच नाही, असे हे उपाय आहेत. बेळगावहून चोर्ला घाटाने म्हापशाच्या बाजारात भाजी आणणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारले, “मामा, उद्या गॅरेजात नेऊन पाटा काढून घेऊ?” त्याला मी ‘मुळीच नको’ एवढेच कळवले. कारणे येथे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटाच नसणार.

या मजकुरातील सर्वांत निरर्थक आणि सर्वांत धोकादायक गोष्ट पहिलीच आहे, म्हणून तिच्यावर अधिक वेळ खर्च करणे भाग आहे. रिकामी पिकअप उसळते हे खरे. पण ती बिघडली आहे म्हणून उसळते असे नाही. एक-दीड टन माल पेलण्यासाठी बनवलेले पाटे रिकाम्या हौद्याच्या वजनाने जेमतेम वाकतात. समजा, रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर 600 किलो आणि भरलेल्या गाडीत 1,800 किलो वजन येते. पाटे तेच आणि भार एकतृतीयांश, त्यामुळे रिकाम्या गाडीचा मागचा भाग भरलेल्या गाडीच्या सुमारे पावणेदोन पट वेगाने वरखाली होतो. भरलेली गाडी शांत चालावी म्हणून दिलेली ही किंमत आहे आणि ती कारखान्यात जाणूनबुजून दिलेली असते.

आता खालचा जाड पाटा पाहू. अनेक पिकअपमध्ये तो हेल्पर पाटा असतो. तो जवळजवळ सपाट असतो आणि वरचे पाटे भाराने पुरेसे वाकले तरच ते त्याच्यावर टेकतात. गाडी रिकामी असताना तो कामातच नसतो. म्हणजे ज्या रिकाम्या गाडीच्या धक्क्यांची तक्रार आहे, तिच्या धक्क्यांशी या पाट्याचा संबंध नाही. आणि ज्या भरलेल्या गाडीला त्याची गरज आहे, तिच्याकडून मात्र तो काढून घ्यायचा. ‘भार उचलण्यात फरक पडत नाही’ हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने तो पाटा तेथे कशासाठी बसवला आहे, हा प्रश्न स्वतःला एकदाही विचारला नसावा.

हेल्पर नसून तो नेहमीच्या कामातील पाटा असला तरी हिशेब उलटाच निघतो. डिप्लोमाला लावलेले मशीन डिझाइनचे कोणतेही पुस्तक उघडावे: सारख्या जाडीचे पाटे असतील तर संचाची ताठरता पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात असते आणि प्रत्येक पाट्यातील ताण त्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. पाचांतील एक पाटा काढला की ताठरता 20 टक्क्यांनी घटते, परंतु उसळण्याचा वेग ताठरतेच्या वर्गमुळावर अवलंबून असल्यामुळे तो सुमारे 10 टक्केच कमी होतो. उरलेल्या चार पाट्यांतील ताण मात्र त्याच मालाला 25 टक्क्यांनी वाढतो. पोलाद ताणाने थकते आणि ताण थोडा वाढला तरी त्याचे आयुष्य त्यापेक्षा कितीतरी अधिक घटते. हा जादा ताण घेऊन कांदे-बटाट्यांच्या गोणींनी भरलेली गाडी चोर्ल्याची वळणे उतरून केरीकडे येत असताना मुख्य पाटा डोळ्यापाशी (टोकाच्या वेटोळ्यापाशी) तुटला, तर एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा आस) एका बाजूने मागेपुढे सरकते आणि स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी वळते.

याहून कमी बोलला जाणारा धोका ब्रेकचा आहे. अनेक पिकअपमध्ये चासी (गाडीचा सांगाडा) आणि मागची एक्सल यांमधील अंतरावरून भाराचा अंदाज घेणारा एक व्हॉल्व्ह असतो. अंतर कमी झाले की माल भरला आहे असे समजून तो मागच्या ब्रेकला अधिक दाब देतो. पाटे एक्सलच्या वर बसवलेले असतील तर खालचा पाटा काढताच चासी त्याच्या जाडीइतकी खाली येते आणि रिकामी गाडीही त्या व्हॉल्व्हला अर्धवट भरलेली वाटू लागते. म्हापशाला माल उतरवून रिकाम्या गाडीने पावसात साखळीकडे परतताना जोराने ब्रेक दाबला, की मागची चाके आधी जखडून गाडीचा मागचा भाग फिरण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे चार महिने रस्ता ओलाच असतो, हे वेगळे सांगायला नको.

येथे एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. चिरे वाहणाऱ्या गाड्यांना जादा पाटा चढवून घेण्याची सवय आपल्याकडे आहे, आणि अशी गाडी जुन्यात विकत घेऊन कोणी तिच्यातून भाजी किंवा फर्निचर नेत असेल, तर तिचे धक्के खरोखरच त्या पाट्यामुळे असू शकतात. तो काढणे योग्य आहे. पण त्याचा अर्थ कारखान्याने ठरवलेल्या संख्येवर परत येणे असा होतो, त्याखाली जाणे असा नव्हे. दोन्ही बाजूंचे पाटे मोजून कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहावेत आणि मगच पान्याला हात लावावा.

हवेचा उपाय भुरळ घालणारा आहे, कारण त्याचा परिणाम लगेच जाणवतो. टायरची भार पेलण्याची क्षमता आतील हवेच्या दाबावर ठरते. मागच्या टायरला 50 पीएसआय किंवा त्याहून अधिक दाब सांगितलेल्या गाडीत 25 ठेवून माल भरला, तर टायरच्या बाजू सतत दुमडून तापतात आणि शेवटी फुटतात. यातही अर्धसत्य आहे: माल भरलेल्या गाडीचा दाब रिकाम्या गाडीत ठेवला तर ती अधिक आपटते. अनेक गाड्यांच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे दिलेले असतात. ते पाळावेत, धक्क्यांवरचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र माल भरण्याआधी हवा पुन्हा वाढवण्याचा कंटाळा असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

जळक्या ऑइलमागेही एक खरी तक्रार आहे. खाऱ्या दमट हवेत पाट्यांमध्ये गंज धरतो, पाटे एकमेकांवरून सरकेनासे होतात आणि संच आखडतो. त्यावर उपाय म्हणजे संच उतरवून, पाटे घासून स्वच्छ करून, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावणे. टोकांना प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर झिजलेल्या पट्ट्या बदलणे. जळके ऑइल धूळ ओढून घेते, त्याचा खरकागद होतो, आणि शॅकलच्या (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या कडीच्या) रबरी बुशांना, म्हणजे आतल्या अस्तरांना, ते फुगवून सडवते. गाडीच्या मागून येणाऱ्या ‘खडखड’ आवाजाचे कारण पुष्कळदा हे बुशच असतात आणि ते बदलण्याचा खर्चही फार नसतो.

रबरी बफरबद्दल एवढेच, की स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये काहीही अडकवले तर स्प्रिंग अधिक ताठ होते. धक्के कमी करण्यासाठी ती ताठ करण्याचा सल्ला कोणत्या तर्काने दिला, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. शॉकबाबतचा दावा मात्र अनेक जाणत्या चालकांनाही पटतो. तेल गळणारा शॉक बाद असतो, हे खरे. परंतु न गळणारा शॉक चांगलाच असतो असे त्यावरून ठरत नाही. आतील व्हॉल्व्ह झिजले की बाहेरून कोरडा दिसणारा शॉकही निकामी होतो. खड्ड्यानंतर गाडी एकदा सावरून स्थिर न होता दोन-तीनदा डोलत राहिली, किंवा टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले, तर शॉक जोडीनेच बदलावेत.

शेवटी अलाइनमेंट. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट सर्वच पिकअपना लागते. मागची एक्सल मात्र पाट्यांचा संच एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आणि तो संच एक्सलला आवळणारे यू-बोल्ट यांच्या आधारानेच जागेवर राहते. ते सैल पडले की एक्सल तिरकी होते आणि गाडी कुर्लीसारखी तिरपी चालू लागते. पाटा काढताना हेच बोल्ट सोडावे लागतात. म्हणून ज्यांनी हा मजकूर वाचून पाटा आधीच काढला आहे, त्यांनी तोच पाटा, किंवा तो तडकला असल्यास त्याच मापाचा नवा, परत बसवून घ्यावा. यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, तेव्हा ते जुने न वापरता नवे घ्यावेत, गाडी चाकांवर उभी असताना टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्याइतके आवळावेत आणि काही दिवस माल वाहिल्यानंतर पुन्हा तपासावेत. ब्रेकच्या त्या व्हॉल्व्हच्या दांडीला कोणी हात लावला असेल तर तिचे सेटिंगही त्याच वेळी पाहून घ्यावे.